दादा, जरा बाजूला सरकता का

रविवारी सकाळी आम्ही नाशिकच्या नासर्डी नदीत साफसफाईला उतरलो होतो. मुंबई नाक्याच्या पुढे टाकळीकडे जाताना जे छोटे पूल लागतात त्यातल्या एकाच्या खाली, नेहमीचीच गँग, गमबूट, रबरी हातमोजे, गोण्या, दोन घमेली, आणि वरून आवाज आला, "दादा, ओ दादा, जरा बाजूला सरकता का?" वर बघितलं तर कठड्याशी एक ताई उभ्या, मागे रिक्षा चालूच ठेवलेली, हातात गाठ मारलेली फुगीर कॅरीबॅग. मला वाटलं पत्ता वगैरे विचारायचाय. तर म्हणाल्या, "टाकायचंय, तुमच्या अंगावर पडेल." आता याला काय म्हणावं. आम्ही खाली काय करतोय ते त्यांना स्वच्छ दिसत होतं, काठावर भरलेल्या गोण्यांची रांग होती, एनएसएसच्या पोरांचे टीशर्ट होते, तरी त्यांच्या डोक्यात एकच काळजी, की खालच्या माणसाच्या अंगावर पडायला नको. चिडायचं म्हटलं तर चिडताही येईना, कारण आवाजात इतकी माया होती.

पुलाला जाळी आहे. नाशिकमधे बऱ्याच पुलांना महापालिकेनं अशा उंच जाळ्या लावल्यात, निर्माल्य टाकू नये म्हणून. त्या जाळीला बरोब्बर एक कॅरीबॅग जाईल एवढं भोक कोणीतरी पाडलेलं होतं, कडा आत वळवून, हात खरचटू नये असं नीट. ताईंना ते भोक माहीत होतं. मी वर गेलो, म्हटलं ताई आमच्याकडे द्या, आम्ही घेतो. त्यांनी बॅग पुढे केली आणि मग विचारलं, "तुम्ही कुठे टाकणार?" माझ्याबरोबर आमच्यातला एक इंजिनियर मुलगा होता, खोटं बोलता येत नाही बिचाऱ्याला, तो म्हणाला, "घंटागाडीत, तिथून पाथर्डीच्या कचरा डेपोला जाईल." झालं. रस्त्यात कुत्रं दिसल्यावर आई पोराला मागे ओढते तशी त्यांनी ती बॅग मागे घेतली. "नको मग," म्हणाल्या, आणि रिक्षात बसून गेल्या. पुढच्या पुलावर टाकली असणार, पुढच्या पुलाखाली कोणी नव्हतं.

बॅगेत काय होतं ते कळलंच नाही, आणि मला त्याचाच चाळा लागलाय.

म्हणजे कचरा नव्हता एवढं नक्की. कचरा असता तर त्या रिक्षाचं भाडं भरून पुलावर आल्या नसत्या, दाराशी घंटागाडी येते, तिचं गाणं वाजलं की अख्खी गल्ली बादल्या घेऊन पळते, ही तर या गावाची जुनी सवय. घंटागाडीत जे टाकवत नाही ते नदीत येतं. हे मला नदीत उतरेपर्यंत कधी सुचलं नव्हतं. वरून बघताना नदी घाण दिसते, बस, प्लास्टिक दिसतं, फेस दिसतो, लोक कसे अडाणी आहेत वगैरे बोलून आपण पुढे जातो. खाली उतरून एकेक गोष्ट हातात घेतली की लक्षात येतं की यातल्या निम्म्या गोष्टी कोणीतरी हात जोडून सोडलेल्या आहेत. काच फुटलेली तसबीर, तिच्यावरचं गंध अजून तसंच. सत्यनारायणाच्या चौरंगाचे केळीचे खुंट. घटाची माती, परडी. लाल कपड्यात गुंडाळलेला नारळ. तोरणं, जुनी पोथी, पानं फुगून विटेएवढी झालेली. बांगड्या. कोणाचातरी चष्मा, डबीसकट. आणि साड्या. साड्या, साड्या, साड्या.

साडीबद्दल जरा सांगायला पाहिजे, कारण नदी साफ करणं म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या वेचणं असं ज्यांनी केलं नाही त्यांना वाटतं. बाटली काहीच नाही, ती तरंगते, पोरंटोरं उचलतात. खरा वैताग कापडाचा. साडी पाण्यात पडली की आधी वाहते, मग एखाद्या दगडाला किंवा बेशरमच्या फांदीला अडकते, मग तिच्यावर गाळ बसायला लागतो, मग त्या गाळात गवत उगवतं आणि एक-दोन पावसाळ्यांत ती नदीच्या तळाचाच भाग होऊन जाते. वरून फक्त हातभर काठ दिसतो. तो धरून ओढलं की येते, अजून येते, मग मधेच थांबते आणि कितीही जोर लावा, हलत नाही, उलट तुम्हीच गाळात खाली जाता. कधी साडीखाली साडी असते. कधी साडीत गोधडी. एकदा मी अशी एक ओढत होतो, जांभळी, नऊवारीच असणार कारण संपतच नव्हती, तर पुलाच्या कामाला असलेले एक सफाई कामगार मामा वरून बघत होते, त्यांना शेवटी राहवलं नाही, खाली आले. म्हणाले, "साहेब ओढू नका, कापा. अन् गोणी गच्च भरू नका, अर्धीच भरा, पाणी निथळू द्या, नायतर वर नेणार कोण?" त्यांनी खिशातून ब्लेड काढलं, पाण्याच्या रेषेला साडी कापली, खालचा भाग तसाच राहू दिला. म्हटलं मामा खालचं? "खालचं धरून ठेवतंय काठाला. राहू द्या पावसाळ्यापर्यंत." आम्ही रविवारी एक-दोन तास येऊन फोटो काढून जातो, हे मामा सोमवार ते शनिवार हेच करतात, गमबूट असले तर असले. त्यांचा फोटो आमच्या ग्रुपवर कोणी टाकला नाही, मीही नाही.

त्या जांभळ्या साडीच्या पदराला गाठ होती, गाठीत हळकुंड आणि सुपारी.

आता यात उपरेपणाने बोलता येत नाही, कारण माझे आजोबा गेले तेव्हा दहाव्याला रामकुंडावर मी होतोच. नाशिकच्या माणसाला ते वर्णन करून सांगायची गरज नाही, तो ओला दगड, न्हाव्यांच्या वाट्या, पिंडाला कावळा शिवेना म्हणून ताटकळलेले नातेवाईक, काका पुन्हा पुन्हा पुढे होऊन "अण्णा, सगळं नीट करू, काळजी करू नका" असं म्हणतायत, आणि मग एकदाचा कावळा उतरल्यावर सगळ्यांचे खांदे एकदम खाली येतात ते. आजोबांचं एक गाठोडं होतं, धोतर, लोकरी कोट, टोपी, रोज हातात असायची ती कापडी पिशवी. ते पाण्यात सोडलं. कोणीतरी म्हातारं माणूस म्हणालं आता मागे वळून बघू नका. आम्ही कोणी बघितलं नाही. त्या गाठोड्याचं पुढे काय होणार हा प्रश्न माझ्या मनात तेव्हा आला नाही, आणि खरं सांगू का, आला असता तरी मी बोललो नसतो. तो कोट घंटागाडीत टाका असं कोण म्हणणार? कोणाला द्यावा म्हटलं तर मेलेल्या माणसाचा कोट कोण घेणार? घरात ठेवला तर आजी रोज कपाट उघडून रडणार. नदीने तो प्रश्न सोडवला. ती तेवढ्यासाठीच तिथे आहे असं आमच्या सगळ्या घराला वाटत होतं आणि त्याबद्दल मला आजही लाज वगैरे वाटत नाही, फक्त आता माहितीय की कोट कुठेतरी अडकला असेल, तपोवनाच्या खाली, दसक-पंचकला, कुठेतरी, आणि कोणीतरी तो ओढला असेल.

आमच्या ग्रुपमधे यावरून दोन तट आहेत. एक तट म्हणतो दंड करा, कॅमेरे लावा, जाळ्या अजून उंच करा. निवृत्त बँकवाले काका या तटाचे पुढारी, त्यांनी वहीत पुलावरच्या गाड्यांचे नंबर लिहून ठेवलेत, त्या वहीचं पुढे काय करायचं हे त्यांनाही माहीत नाही. दुसऱ्या तटात बहुतेक आमच्यातल्या मुली. त्यातली एक, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिने एक युक्ती काढली. पुलावर कोणी बॅग घेऊन आलं की ती पुढे होते, दोन्ही हातांनी बॅग घेते, कपाळाला लावते, आणि म्हणते, "काकू, फुलांचं खत करून आम्ही इथेच काठावर उंबराला घालतो." लोक देतात. नुसतं देत नाहीत, वर दहा-वीस रुपये द्यायला बघतात. इंजिनियर मुलगा तिला म्हणाला हे खोटं आहे, अर्धं तर डेपोलाच जातं. ती म्हणाली अर्धं जातं ना उंबराला? मग अर्धं खरं आहे. त्या दिवशी ती पुलावर नव्हती, परीक्षा होती तिची, नाहीतर रिक्षावाल्या ताईंनी बॅग दिली असती याची मला खात्री आहे. त्यांना नदीचं काही पडलेलं नव्हतं अशातला भाग नाही, त्यांना फक्त ती बॅग कोणाच्या हातात जातेय आणि ते हात तिला कसं धरतायत हे बघायचं होतं. डेपो हा शब्द ऐकल्यावर कोण देईल?

नाशिकला ही गोष्ट नवीन नाही. गणपतीत "देव द्या, देवपण घ्या" म्हणत गोदाकाठी मूर्ती गोळा करणाऱ्या पोरांनी हे बरोबर ओळखलं होतं, मागायचं तर हात पसरून मागायचं, नियम सांगून नाही. आणि आता गावात अशीही संस्था आहे जी देवांच्या जुन्या तसबिरी घेते, आधी त्यांची रीतसर पूजा करून निरोप देते आणि मग काच वेगळी, लाकूड वेगळं, कागद वेगळा करून वापरात आणते. मला ऐकल्यावर आधी हसू आलं होतं, कचऱ्याची कसली पूजा. नासर्डीत फुटक्या काचेतून लक्ष्मीचा फोटो सोडवताना हसू गेलं. तो फोटो कुठे ठेवायचा हे आम्हा दहा-बारा शिकलेल्या लोकांना ठरवता येईना, प्रत्येकजण दुसऱ्याकडे देतोय, शेवटी एकाने तो पिंपळाखाली नेऊन ठेवला, जिथे आधीच पंधरा-वीस देव रांगेत उभे होते. म्हणजे आम्हीही तेच केलं, नदीऐवजी झाड.

पण मग दुसरी बाजू येते आणि माझा सगळा भाबडेपणा उतरतो. ज्याला कोणीच हात जोडून निरोप देत नाही असं पाणी या नदीत सगळ्यात जास्त आहे. संडासचं, बेसिनचं, वॉशिंग मशीनचं. नासर्डी अंजनेरीच्या बाजूच्या डोंगरांतून येते, सातपूर, उंटवाडी, मुंबई नाका असं अख्खं गाव पोटातून कापत टाकळीला गोदावरीला मिळते. पावसाळ्यात ती नदी असते. मार्चनंतर तिचं स्वतःचं पाणी जवळजवळ नसतंच, जे वाहतं ते आपलं असतं. आणि यातला हिशेब फार कमी लोक बोलतात म्हणून सांगतो. पाण्यातली घाण कुजवायला सूक्ष्मजीवांना किती ऑक्सिजन लागतो त्याला बीओडी म्हणतात. घरातून निघालेल्या कच्च्या सांडपाण्यात तो लिटरला साधारण 200 मिलिग्रॅमच्या आसपास असतो. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, आधी 30 पर्यंत आणलं की पास व्हायचं, आता निकष कडक होऊन 10 झालाय. आणि आंघोळीच्या पाण्याला मर्यादा किती? 3. म्हणजे यंत्र कागदावर लिहिल्याप्रमाणे अगदी व्यवस्थित चाललं तरी त्यातून निघालेलं पाणी आंघोळीचं नसतं, ते पातळ करायला नदीत स्वतःचं वाहतं पाणी लागतं, आणि ते तर आपण वरच अडवलंय. आम्ही कितीही गोण्या भरल्या तरी या 10 चे 3 होत नाहीत. हे माहीत असून उतरायचं म्हणजे काय ते मला अजून नीट सांगता येत नाही.

टाकळीच्या संगमावर समर्थ रामदासांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जप केला, बारा वर्षं, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगतं. त्याच्यावरचा विनोदही सगळे करतात, की आता पाच मिनिटं उभं राहून दाखवा. मी राहिलोय, गमबूट घालून. वास पहिली दहा मिनिटं येतो, मग नाक हार मानतं, घरी गेल्यावर मात्र बायकोला जिन्यातूनच कळतं. पायाखाली गाळ मऊ असतो आणि दाबला की बुडबुडे येतात, काळे, एकेक फुटतात तसा कुजक्या अंड्याचा भपकारा. आणि याच पाण्यात, थंडीत, लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे पक्षी थव्याने उभे असतात, इतके देखणे की नवीन आलेली पोरं काम टाकून फोटो काढत बसतात. कोणीतरी म्हणतं बघा नदी सुधारतेय. एका पक्षीवाल्या मित्राने तो आनंद फार टिकू दिला नाही, म्हणाला शेकाटे वाढले म्हणजे पाणी बिघडलंय, त्यांना गाळातले किडे लागतात आणि ते सांडपाण्यावर पोसतात. खाली गोदावरीत पाणवेलींचं तेच, नायट्रोजन-फॉस्फरसचं फुकटचं खत मिळतंय म्हटल्यावर त्या हिरवीगार शाल अंथरणारच, फुलंही काय सुंदर जांभळी येतात.

सिंहस्थ कुंभमेळा आलाय 2027 चा, त्यामुळे आता सगळ्यांनाच एकदम नदी आठवलीय. घाट, रस्ते, पूल, नवीन एसटीपी, रोज पेपरात काहीतरी. होऊ दे, वाईट नाही, एसटीपी झाले तर पाहिजेच आहेत. पण मागच्या सिंहस्थांचा अनुभव असा की नदीसाठी काही करायचं म्हणजे नदीत सिमेंट ओतायचं असा आपला समज. रामकुंडाच्या परिसरात कुंडांचे तळ काँक्रीटने बुजवले गेले, खालचे जिवंत झरे त्याखाली गेले, आणि ते काँक्रीट काढा म्हणून लोकांना हायकोर्टापर्यंत जावं लागलं. साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तपोवनातली झाडं तोडायचं निघालं, 2025 च्या शेवटी, तेव्हा एरवी कधी न बोलणारी माणसं रस्त्यावर आली, आमच्यातले बँकवाले काका एका झाडाला मिठी मारून उभे राहिले, घरच्यांना टीव्हीवर दिसले. वह्या घेऊन नंबर लिहिणारा माणूस झाडाला मिठी मारेल असं मला वाटलं नव्हतं.

आम्हीही झाडं लावतो, त्यात मार खाल्लाय. उत्साहात गुलमोहर नाहीतर नर्सरीत जे स्वस्त मिळेल ते लावायचे लोक, पहिल्या पुरात सगळं साफ. नदीकाठाची झाडं वेगळी असतात, वाळुंज, करंज, पाणजांभूळ, उंबर, ज्यांना दोन दिवस पाण्याखाली राहिल्याचं काही वाटत नाही. वाळ्याचं गवत लावलं की काठ धरतो. आणि मामा म्हणाले ते खरं निघालं, ती कापलेली जांभळी साडी ज्या ठिकाणी गाळात होती तिथला काठ पावसाळ्यात ढासळला नाही, त्याच्या वर लावलेला करंज धरलाय. उरलेली साडी तशीच आत आहे. ती काढायची की नाही यावर आमच्यात परत दोन तट. मी राहू द्या म्हणणाऱ्यांत आहे, आणि नदी साफ करायला आलेल्या माणसाने असं म्हणावं हे माझं मलाच विचित्र वाटतं.

पुराचं नाशिककराला काय सांगायचं, गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं हे विचारलं की झालं. 2008, 2016, 2019, प्रत्येकाची आपापली गोष्ट आहे, कोणाची सराफ बाजारातली, कोणाची भांडी बाजारातली. पण नासर्डीच्या पुराचं माप बाभळींवर बघावं. पाणी उतरलं की माझ्या डोक्याच्याही वर फांद्यांना कॅरीबॅगा, चिंध्या, एखादं परकराचं कापड लटकलेलं असतं, आणि काठ आम्ही उतरलोच नव्हतो इतका भरलेला. पहिल्या वेळी काही पोरं तिथेच खाली बसली. मामा म्हणाले, "वर्षाला येतंच की. पाऊस काय आपल्याला विचारून पडतो?" आणि कामाला लागले.

त्या ताईंचा विचार मी तेव्हापासून जरा वेगळा करायला लागलोय. दसऱ्याच्या आसपास, घट उठले की पुलावर रांग लागते, तेव्हा आम्ही पुलावर टेबल टाकणार आहोत. नुसतं टेबल नाही, वर स्वच्छ पांढरं कापड, समई, पितळेचं ताम्हन, आणि दोन्ही हातांनी घेणारी दोन माणसं. इंजिनियर मुलाचा विरोध आहे, आपण काय भटजी आहोत का म्हणतो. कॉलेजवाली म्हणते भटजी नको, पण "कुठे टाकणार" विचारलं की डेपो म्हणणारा माणूस तर टेबलाच्या आसपासही नको. तो रागावलाय. बँकवाले काका म्हणाले वहीत नंबर लिहायचं मी बंद करतो पण टेबलामागे मला बसवा. यावर व्हॉट्सॅपवर इतके मेसेज झाले की मी ग्रुप म्यूट केलाय.

माझ्याकडे कामाचा भाग म्हणून कात्र्या आल्या. ब्लेडने हात कापतात, आमच्यातल्या एकाला टाके पडले, म्हणून ठरलं की कात्रीच हवी. घरी आईची शिवणाची जुनी जड कात्री आहे, ती मागितली तर आई म्हणाली, "कशाला?" म्हटलं नदीतल्या साड्या कापायला. "माझी नको. बाजारातून आण." दुसरं काही बोलली नाही, कात्री मशीनच्या खणातून काढून कपाटात ठेवली, किल्ली लावली. मग रविवार कारंज्याजवळ एका हार्डवेअरवाल्याकडे गेलो. त्याने तीन-चार समोर टाकल्या, शिंप्याच्या, लांब पात्यांच्या. विचारलं कापड कसलं? म्हटलं साड्या. "सिल्क का सिंथेटिक?"

म्हटलं, "ओल्या. गाळातल्या."

त्याने त्या सगळ्या परत ठेवल्या आणि खालच्या फळीवरून पत्रा कापायची काढून दिली.